मोठ्या गाडीचा आग्रह

समजा, सोमवारची सकाळ आहे आणि श्टुटगार्टच्या विमानतळावर भाड्याच्या गाड्यांच्या काउंटरमागे तुम्ही उभे आहात. हॅम्बुर्गचं विमान उतरलंय, बर्लिनचं उतरलंय, ब्रेमेनचं उतरायच्या बेतात आहे. समोर कोटवाल्यांची रांग. प्रत्येकाने सगळ्यात लहान गाडी नोंदवलेली. ती आवडते म्हणून नव्हे, तर त्याच्या ऑफिसातला हिशेबनीस तिच्याहून मोठी मंजूर करत नाही म्हणून. आणि मागच्या पार्किंगच्या इमारतीत लहान गाड्या उरल्यात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. बाकी सगळी धूडं. आता वाटा.

म्हणजे ज्याने लहान मागितली त्याला मोठी द्यायची, पैसे लहानीचेच घ्यायचे, आणि लहान संपल्या हे त्याला कळूही द्यायचं नाही. उलट, काल आपण गाढ झोपेत असताना एका मोठ्या कंपनीने खास आपला विचार केला, अशा समजुतीत तो किल्ली फिरवत जिना उतरला पाहिजे. जमेल?

गुद्रुन फेत्सर यांना जमायचं. इतकं जमायचं की त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायचं, आणि पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

फेत्सरबाई पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, मजबूत बांध्याच्या. चष्मा दोरीला बांधून गळ्यात. काउंटरखाली लोणी लावलेलं ब्रेझेल, म्हणजे वेढे घातलेला खारा पाव, कागदात गुंडाळून ठेवलेलं, आणि रांग कितीही असली तरी त्याचा एक तुकडा तोंडात आणि चेहरा मात्र बँकेतल्या अधिकाऱ्यासारखा. त्यांच्या धंद्यात प्रत्येक गाडीच्या वर्गाला चार अक्षरं असतात. पहिल्या अक्षरावरून गाडी केवढी ते कळतं, दुसऱ्यावरून तिचा आकार, म्हणजे साधी, उघड्या टपाची की मागे सामानाला लांबलचक जागा असलेली. तिसऱ्यावरून गिअर हाताने टाकायचे की आपोआप पडतात ते, आणि चौथ्यावरून इंधन कोणतं आणि थंड हवा आहे की नाही ते. बाईंना ही अक्षरं माणसांनाही लावायची खोड होती. स्वतःच्या नवऱ्याचं, रोल्फचं, वर्णन त्या असं करत: सगळ्यात लहान, चार दारं, गिअर हाताने, थंड हवा नाही. पण सुरू मात्र रोज होतो, असं पुढे कौतुकाने जोडत.

या धंद्यातली गोम अशी की लहान गाड्या असतात त्याहून कितीतरी जास्त लोकांना भाड्याने द्यायच्या असतात. लोक लहानच नोंदवतात, कंपनीला मात्र मोठ्या गाड्या विकत घ्यायची हौस. मग सकाळी लहान संपल्या की कुणाला तरी वर चढवावंच लागतं. आता हे वर चढवणं म्हणजे नाइलाज, असं म्हटलं तर त्यात काय शोभा? म्हणून तुटवड्याला बक्षिसाचा कागद गुंडाळतात आणि त्याला निष्ठावंत ग्राहकांचं कार्ड म्हणतात. आधी चंदेरी, मग सोनेरी, आणि सगळ्यात वर काळं. काळं कार्ड मिळवायला माणसाला वर्षातले इतके दिवस भाड्याच्या गाडीत काढावे लागतात की घरी गेल्यावर स्वतःचं कुत्रं त्याच्यावर भुंकतं. एवढी तपश्चर्या केली की संगणकच त्याला आपोआप दोन वर्ग वरची गाडी देतो आणि नावापुढे छोटासा मुकुट काढतो.

फेत्सरबाईंचा त्या मुकुटावर विश्वास होता. मोठी गाडी मिळाल्यावर माणूस खुलतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कुणी गाडीभोवती प्रदक्षिणा घालतं, कुणी बायकोला फोटो पाठवतं, कुणी मुद्दाम फोनवर मोठ्याने बोलतं की अरे, माझी गाडी जरा वळायला जागा घेते. एक विमा कंपनीचा माणूस तर उघड्या टपाची गाडी मिळाली म्हणून जानेवारीत टप उघडून गेला आणि आठवडाभर तापाने पडला.

यात बाईंच्या माहेरचाही हात होता. त्या वरच्या, म्हणजे आल्बच्या पठारावरच्या एका खेड्यातल्या. तिकडे पाहुण्याला केक वाढायची एक रीत आहे. केकचा दुसरा तुकडा पुढे केला की पाहुण्याने नको म्हणायचं. यजमानिणीने पुन्हा पुढे करायचा, पाहुण्याने पुन्हा नको म्हणायचं, अगदी पोटावर हात ठेवून. तिसऱ्यांदा आग्रह झाला की पाहुणा म्हणतो, तशी गरज नव्हती, आणि ताटली पुढे करतो. जी बाई पहिल्या नकाराला केक मागे घेते ती चिक्कू, आणि जो पाहुणा पहिल्या विचारण्याला हो म्हणतो तो हावरट. फेत्सरबाईंच्या आईने पंधरा मैलांच्या परिसरात नाव कमावलं होतं ते या आग्रहावर.

तोच आग्रह बाईंनी काउंटरवर आणला. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या इल्कनूरचे आजोबा तुर्कस्तानातून इथे इंजिनं जोडायला आले होते. तिच्याही घरी पाहुण्याला सुटका नसे. पण तीसुद्धा म्हणायची, "गुद्रुन, तू गाड्या देत नाहीस गं, तू गाड्या वाढतेस. एखाद्या दिवशी कुणाला तरी अजीर्ण होणार."

ते अजीर्ण योर्न क्लासन यांना झालं.

क्लासनसाहेब उत्तरेकडचे, ब्रेमेनच्या बाजूचे. उंच, काटकुळे, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी इथे यायचे, बाकीचे दिवस दक्षिणेतल्या दुसऱ्या शहरांत भाड्याच्याच गाडीत काढायचे. कापलेल्या पत्र्याची धारदार कड घासून मऊ करायला कारखान्यांत तारेचे ब्रश लागतात, ते विकायचे. बोलणं इतकं कमी की प्रत्येक शब्दाला वेगळं भाडं पडतं की काय असं वाटावं. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्याकडे कार्ड-बिर्ड काही नव्हतं. बाईंनी सगळ्यात लहान गाडीची किल्ली दिली. साहेब गुडघे हनुवटीपर्यंत घेऊन आत बसले, संध्याकाळी परत आले आणि म्हणाले, "छान." पुढे कितीतरी वर्षं बाईंनी त्यांच्या तोंडून दुसरा छान ऐकला नाही.

कारण नंतर त्यांना चंदेरी कार्ड मिळालं आणि बाईंनी त्यांना लांबलचक गाडी दिली. सोनेरी मिळालं तेव्हा आपोआप गिअर पडणारी, लाकडी पट्ट्यांची. काळं मिळाल्यावर तर विचारूच नका. एकेक अशी गाडी की पार्किंगच्या इमारतीतून बाहेर काढताना दोन्ही बाजूंचे आरसे मिटून घ्यावेत. आणि गंमत अशी की गाडी मोठी होत गेली तसा माणूस सुकत गेला. दर खेपेला साहेब एकच वाक्य म्हणायचे: लहान नाही का एखादी? मग गप्प उभे राहायचे, टपालपेटीत पत्र टाकून झालेल्या माणसासारखे. आपलं काम झालं, आता पत्र पोचेलच.

बाईंना मात्र तो पहिला नकार वाटायचा. म्हणजे केकचा पहिला नकार. मग त्या आग्रहाला लागायच्या. असू द्या हो, तुमचा मान आहे तो, तुम्ही काय कुणाकडून हिसकावून घेतलाय का. साहेब काही बोलत नाहीत म्हटल्यावर त्यांना वाटायचं की माणूस भिडस्त आहे, उत्तरेकडच्या माणसाला आग्रह घेता येत नाही, आणखी थोडं पुढे व्हायला हवं. ते निमूट किल्ली घेऊन निघायचे आणि बाई समाधानाने इल्कनूरकडे बघायच्या. पुढे पुढे तर त्या रविवारीच सगळ्यात मोठी गाडी क्लासनसाहेबांसाठी बाजूला काढून ठेवायला लागल्या, घरी जावयासाठी साय काढून ठेवतात तशी.

एका फेब्रुवारीत त्यांनी कमाल केली. काळी, उंच, ट्रकच्या जवळपास जाणारी गाडी. काचेचं छप्पर, हात शेकणारं स्टिअरिंग आणि पाठ चोळणारी खुर्ची. संध्याकाळी साहेब परतले तेव्हा बाईंनी उत्सुकतेने विचारलं, कशी होती? साहेबांनी बराच विचार केला आणि म्हणाले, "तिने मला सगळा रस्ता चोळलं." आणि किल्ली ठेवून गेले. बाईंनी हे प्रशंसेच्या खात्यात जमा केलं. त्यांच्या माहेरी जेवण उत्तम झालं तर पाहुणा म्हणतो, खाता येण्यासारखं होतं. त्या मानाने हे तर गौरवपत्रच.

मग नोव्हेंबर उजाडला. बाहेर कोबीच्या शेतांवर धुकं, ब्रेमेनचं विमान उशिरा, रांग लांब. क्लासनसाहेब काउंटरपाशी आले. बाईंनी किल्ली आधीच काढून ठेवली होती. गाडी म्हणजे चांदीच्या रंगाचं, विमानाच्या तुकड्यासारखं दिसणारं काहीतरी होतं. साहेबांनी किल्लीला हात लावला नाही.

"फेत्सरबाई," ते म्हणाले, "आज मला लहान गाडी हवी. मी थट्टा करत नाहीये. मी थट्टा करतच नाही."

आणि मग त्या माणसाने इतक्या वर्षांत साठवलेलं सगळं बोलून टाकलं. त्यांचं इकडचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे वर पठारावरचे मुट्शलर. कपाटांच्या बिजागऱ्या करण्याचा कारखाना, दोनशे माणसं कामाला, आणि मालक स्वतः अजून शाळेत शिवलेला वाटावा असा कोट घालणारे. हे मुट्शलर पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत उभे राहून बघतात की माल विकणारा कुठल्या गाडीतून उतरतो. त्यांची स्वतःची गाडी त्यांच्या नातीपेक्षा वयाने मोठी. क्लासनसाहेब लहान गाडीतून जायचे तोवर सगळं ठीक होतं. लांब गाडीतून गेले त्या वर्षी मुट्शलर यांनी ब्रशांचा भाव पाडून घेतला. लाकडी पट्ट्यांची गाडी पाहून आणखी पाडला. पाठ चोळणारी गाडी पाहिल्यावर ते म्हणाले होते, ब्रश स्वस्त करा नाहीतर गाडी लहान करा, दोन्हीचे पैसे मीच देतो आहे. ही गाडी फुकट मिळते, असं साहेबांनी समजावून पाहिलं. फुकट गाडी देणारी कंपनी जगात असते, हे मुट्शलर यांना समजावणं कुणालाच शक्य नव्हतं.

आज तीन वर्षांच्या कराराची बैठक होती. तो झाला नाही तर ब्रेमेनचं ऑफिस दक्षिणेकडची फेरी बंद करणार आणि साहेबांना ऑफिसातल्या टेबलाशी बसवणार, चार जणांच्या खोलीत, जिथे भिंतीवर सगळ्यांच्या वाढदिवसांचा तक्ता आहे आणि वाढदिवस असेल त्याने केक आणायचा असतो. आयुष्यभर गाडीत एकटं बसून गप्प राहण्याचा पगार घेतलेल्या माणसाला याहून वाईट शिक्षा कुठली?

फेत्सरबाईंच्या तोंडातला ब्रेझेलचा तुकडा तिथेच राहिला. साहेब कुठे जातात हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. आणि हा माणूस जात होता वर, त्यांच्याच पठारावर. दंतवैद्याने नवी गाडी घेतली हे कळल्या दिवशी त्यांच्या वडिलांनी दंतवैद्य बदलला होता, अर्धवट भरलेल्या दाढेसकट. अशा मुलखात त्यांनी एका सरळ माणसाला काचेच्या छपराखाली बसवून पाठवलं होतं, वर्षानुवर्षं, मायेने.

"मग आधी बोलायचं नाही का?" त्या म्हणाल्या.

"बोललो. दर महिन्याला बोललो."

"एकदाच बोलायचात."

"हो," साहेब म्हणाले, "एकदा. नको होती, म्हणून नको म्हटलं."

इल्कनूरने खोकल्यासारखं केलं आणि खाली वाकून कागद उचलू लागली. खाली कागद नव्हताच.

बाईंनी पडद्यावर पाहिलं. सगळ्यात लहान वर्गातली एकच गाडी उरली होती आणि तीही दिलेली होती, श्टेंगेल नावाच्या बाईंना. त्या साहेबांच्या मागेच उभ्या होत्या: सत्तरी पार केलेल्या, चर्चमध्ये ऑर्गन वाजवून निवृत्त झालेल्या, हातात जाळीची पिशवी. बोडेन सरोवरावर बहिणीकडे निघाल्या होत्या आणि लहान गाडी त्यांनी उन्हाळ्यातच नोंदवून ठेवली होती. त्यांच्या बोलण्यावरून त्या इथल्याच, हे पहिल्या वाक्यात कळलं. फेत्सरबाईंच्या अंगात बळ आलं. इथल्या माणसाला काय वाढायचं ते त्यांना माहीत होतं.

त्यांनी साहेबांना बाजूला उभं केलं आणि श्टेंगेलबाईंना सांगितलं की आज तुमच्यासाठी लांब गाडी आहे, त्याच पैशात.

"मला काय करायची लांब गाडी," श्टेंगेलबाई म्हणाल्या. "मी काय पियानो घेऊन चाललेय?"

सामान ऐसपैस राहील, असं फेत्सरबाईंनी सुचवलं. श्टेंगेलबाईंनी जाळीची पिशवी वर करून दाखवली. तिच्यात एक बरणी आणि चप्पल होती. मग त्या म्हणाल्या की असली गाडी पाहून बहिणीला वाटेल, हिला पेन्शन जास्त झालीये. दोन नकार झाले होते. क्लासनसाहेब घड्याळाकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर वाढदिवसाचा तक्ता दिसत होता. फेत्सरबाई पुढे झुकल्या आणि हळू आवाजात, जणू गुपित सांगावं तशा म्हणाल्या, "डिझेल आहे. लहानीपेक्षा कमी पिते."

श्टेंगेलबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"खरंच?"

"खरंच. टाकी भरून घ्या आणि बहिणीला दाखवा, किती उरलं ते."

"तशी गरज नव्हती," श्टेंगेलबाई म्हणाल्या, आणि हात पुढे केला.

किल्ली हातात पडताच फेत्सरबाईंनी क्लासनसाहेबांकडे विजयी मुद्रेने पाहिलं. साहेबांना यातलं काही कळलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने समोरच्या बाई दोनदा नको म्हणाल्या होत्या आणि मग त्यांच्यावर अन्याय झाला होता.

आता राहिला संगणक. बाईंनी लहान गाडीपुढे क्लासन हे नाव टाकलं तर पडदा लाल झाला. या ग्राहकाच्या मानापेक्षा खालचा वर्ग देता येणार नाही. बाईंनी पुन्हा टाकलं, पुन्हा लाल. मुकुट काही उतरेना. मुख्य कार्यालयाला फोन लावला तर तिथली मुलगी गोड आवाजात सांगत होती की काळ्या कार्डाच्या ग्राहकांना आम्ही नेहमी सर्वोत्तमच देतो, आणि आणखी काही मदत करू का. बाईंना आयुष्यात पहिल्यांदा कळलं की समोरच्याने ऐकूनच घेतलं नाही की कसं वाटतं.

तोडगा इल्कनूरने काढला. "कार्ड काढून टाक आणि माणूस राहू दे," ती म्हणाली. "नवा माणूस म्हणून लिही. कालपर्यंत गाडी न चालवलेला."

ते शक्य होतं. फक्त आजचा दिवस कार्डावर मोजला जाणार नव्हता. बाईंनी तसं सांगितलं आणि कार्डासाठी हात पुढे केला. क्लासनसाहेबांनी पाकिटातून काळं कार्ड काढलं, अंगठ्याने पुसलं आणि हातातच धरून ठेवलं.

"पुढच्या वर्षी काळंच राहील ना पण?" त्यांनी विचारलं.

इल्कनूरने बाईंकडे पाहिलं, बाईंनी इल्कनूरकडे. या कार्डाने ज्याला पठारावर खड्ड्यात घातलं तोच आता कार्डाच्या तब्येतीची चौकशी करत होता. साहेबांच्याही ते लक्षात आलं असावं. त्यांचे कान लाल झाले. त्यांनी कार्ड काउंटरवर ठेवलं आणि बाईंकडे सरकवलं.

"परत येईपर्यंत सांभाळा," म्हणाले.

लहान गाडी कोवळ्या मटाराच्या रंगाची होती आणि तिच्या दारावर कुणीतरी ओरखडा काढला होता. बाईंना ओरखड्याचा एरवी राग यायचा. आज त्या म्हणाल्या, ती बाजू खिडकीकडे येईल अशी लावा. पार्किंगच्या इमारतीतून आधी लांब चंदेरी डिझेल बाहेर पडली, स्टिअरिंगच्या वर जेमतेम एक टोपी दिसत होती. तिच्यामागे मटार, आणि मटाराच्या छपराला टेकलेलं क्लासनसाहेबांचं डोकं.

तो दिवस फेत्सरबाईंनी कसा काढला ते इल्कनूरलाच विचारा. पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी उघड्या टपाची गाडी द्यायला घेतली आणि मध्येच हात आखडला. एकाला विचारलं, तुम्ही कुठे जाणार आहात, तर तो घाबरला, त्याला वाटलं पोलीस चौकशी आहे. दुपारी ब्रेझेल तसंच राहिलं. काळं कार्ड काउंटरच्या खणात ठेवलं होतं, तो खण त्यांनी तीनदा उघडून पाहिला. इल्कनूर म्हणाली, "काय गं, पिल्लू ठेवलंयस का आत? दूध हवंय का त्याला?" बाईंनी खण ढकलून बंद केला. करार झाला नाही तर साहेब पुन्हा येणार नव्हते, आणि मग त्यांच्या डोक्यात फेत्सरबाई कायमच्या अशा राहणार होत्या: आपला मार्ग बंद करणारी प्रेमळ बाई.

साहेब संध्याकाळी आले. चेहऱ्यावरून काही कळेना, पण तो चेहरा तसाही बोलका नव्हता. त्यांनी किल्ली ठेवली आणि न विचारता सांगायला लागले, यावरूनच बाईंना समजलं की काहीतरी घडलंय.

मुट्शलर नेहमीप्रमाणे खिडकीत होते. मटार दिसल्यावर मात्र खिडकीतून गायब झाले आणि खाली आले, हे आजवर कधी झालं नव्हतं. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, ओरखड्यावर बोट फिरवलं आणि गंभीरपणे विचारलं, कंपनी बुडते आहे का? बुडणार असेल तर तीन वर्षांचा करार करण्यात अर्थ नाही. साहेबांना वाटलं, झालं. मोठी गाडी नडली, आता लहानही नडणार. त्यांना दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी खरं सांगितलं: कंपनी ठीक आहे, मोठी गाडी मला कधीच नको होती, काउंटरवरच्या बाई ऐकत नाहीत.

"तर मुट्शलर यांनी विचारलं, तुम्ही त्या बाईंना किती वेळा नको म्हणालात," क्लासनसाहेब म्हणाले. "मी म्हटलं, एकदा. तर ते म्हणाले, एकदा? मग त्यांची काय चूक?"

आणि मुट्शलर हसले. दोनशे माणसांच्या कारखान्यात मालकाला हसताना पाहून अंगणात गाडी हाकणारा कामगार थांबला. त्या बाई आमच्या वरच्याच असणार, ते म्हणाले, आणि साहेबांना आत घेऊन गेले. केक होता. साहेबांनी दुसऱ्या तुकड्याला नको म्हटलं तर मुट्शलर यांनी बोट वर करून सांगितलं, हं, हा झाला एक. दोन नकार मोजून झाल्यावर तिसऱ्या आग्रहाला तुकडा ताटलीत पडला आणि करारावर सही झाली. भाव जरासा पाडलाच. न पाडता सही केली असती तर म्हाताऱ्याला झोप लागली नसती.

फेत्सरबाईंनी खणातून कार्ड काढून दिलं. साहेबांनी ते पाकिटात ठेवलं, पाकीट खिशात ठेवलं, आणि जाता जाता वळून म्हणाले, "पुढच्या महिन्यात लहान."

बाईंनी तोंड उघडलं. इल्कनूरने काउंटरखालून त्यांच्या नडगीवर हलकेच पाय मारला. बाईंनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं आणि म्हणाल्या, "बरं." हा शब्द त्यांच्या आईने ऐकला असता तर तिला लाज वाटली असती. पाहुणा उपाशी गेला.

"छान," क्लासनसाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरुण बाई आली. चंदेरी कार्ड, लहान गाडीची नोंदणी, आणि मागे लहान गाड्या चक्क शिल्लक होत्या. पण पडदा तिला वरची गाडी द्यायला तयार होता. लाल, नवी, चामड्याच्या खुर्च्यांची. फेत्सरबाईंनी ती सुचवली. तरुणी हसून म्हणाली, "नको, लहानच बरी."

फेत्सरबाईंच्या एका हातात लाल गाडीची किल्ली होती, दुसऱ्या हातात लहान गाडीची. जीभ आग्रहासाठी वळलीच होती. त्यांनी ती आवरली आणि विचारलं, "तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"वडील ब्रेमेनचे," ती म्हणाली, "आई इथलीच, वरची. का हो?"

बाईंनी दोन्ही किल्ल्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवल्या. तिने बराच वेळ दोन्हींकडे पाहिलं, लहान उचलली आणि गेली. चालता चालता एकदा मागे वळली, पण ती लाल गाडीच्या किल्लीसाठी वळली की सामानासाठी, ते कळलं नाही. बाईंनी ब्रेझेलचा कागद उघडला, पुन्हा गुंडाळला, आणि रांगेतला पुढचा माणूस पुढे येण्याआधी शेजारी वळून हळूच म्हणाल्या:

"इल्कनूर, खरं सांग गं. इतक्या वर्षांत मी एवढ्यांना मोठी गाडी वाढली, त्यातल्या किती जणांना खरंच नको होती?"